धिंगरीची पिशवी घरात : खानापूरला वेगळी, अथणीला वेगळी

पावसाळ्यात बेळगावकडच्या खानापूरच्या रानातून वारुळावरची अळंबी विकायला येते. ती किटमधून, म्हणजे बियाणं मिसळलेल्या पेंढ्याच्या तयार पिशवीतून, उगवत नाही, कारण ती वाळवीच्या आधारानेच वाढते. घरी पिकवायची ती धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम. बेंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्यातील भारतीय बागायती संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी तिचं बियाणं मिळतं, पण पहिल्या खेपेला तयार पिशवीच घ्या.

पिशवी आतून दुधासारखी पांढरी दिसली पाहिजे. पेंढा अजून पिवळाच दिसत असेल, तर न कापता अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून पांढरेपणा पूर्ण होऊ द्या. आत पिवळसर पाण्याचे थेंब दिसले तर घाबरू नका. हिरवा डाग मात्र वाईट.

जागा सावलीची हवी, दिवसा दिवा न लावता पेपर वाचता येईल इतक्या उजेडाची. स्वयंपाकघर टाळा, तिथे धूर असतो आणि फळांवरची चिलटं. माजघराची खिडकी किंवा बंदिस्त पडवी चांगली. तापमान 20 ते 28 अंश असावं, म्हणून जून ते फेब्रुवारी हाच आपला हंगाम. एप्रिल-मेमध्ये पिशवी लावूच नये.

स्वच्छ ब्लेडने पिशवीला चार-पाच ठिकाणी दोन-दोन इंचांच्या फुल्या मारा. प्लास्टिक पूर्ण काढायचं की नाही, हे गावावर ठरतं. खानापूर, जांबोटीकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओली असते. तिथे प्लास्टिक काढलं तरी चालतं आणि दिवसाला एक हलकी फवारणी पुरते. चिकोडी, अथणीकडे हिवाळ्यात कोरडा वारा सुटतो. तिथे फुल्याच ठेवा, भोवती ओलं गोणपाट टांगा आणि दिवसातून तीन वेळा फवारा. बेळगाव शहर या दोहोंच्या मधलं. गोणपाट हाताला थंड आणि ओलसर लागलं, पण पाणी ठिबकत नसेल, तर ओल बरोबर आहे.

नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरा म्हणजे क्लोरीन निघून जातो. फवारा धुक्यासारखा बारीक असावा आणि तो भिंतीवर, गोणपाटावर मारावा. टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर आले की त्यांच्यावर थेट पाणी नको, नाहीतर ते पिवळे पडून कुजतात. बहुतेकांचं पीक पाणी कमी पडून नव्हे, जास्त होऊन जातं.

हवेकडेही तितकंच लक्ष द्या. देठ लांबुडके आणि टोप्या बटणाएवढ्या झाल्या, तर समजा खोली कोंदटली आहे आणि कार्बन डायऑक्साइड साचला आहे. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास खिडकी उघडा. उलट टोप्यांच्या कडा वाळून तडकल्या, तर वारा जास्त लागतोय. ओल आणि हवा यांचा मेळ बसला की चार-सात दिवसांत अंकुर दिसतात आणि पुढच्या तीन-पाच दिवसांत तोडणी येते.

टोपीची कड अजून खाली वळलेली असतानाच तोडा. कड वर वळली की पांढरे बीजाणू उडू लागतात, आणि दम्याच्या माणसाला त्यांचा त्रास होतो. तोडण्याआधी काही तास पाणी मारू नका. घोस बुडाशी धरून पिळवटून काढा. देठाचा तुकडा मागे राहिला तर तो कुजतो आणि तिथूनच माशा लागतात.

मग दोन दिवस फवारणी बंद ठेवून पुन्हा सुरू करा. सात-दहा दिवसांनी दुसरा बहर येतो, नंतर तिसरा, दरवेळी कमी. दोन किलोची ओली पिशवी सगळे बहर धरून साधारण 400 ते 500 ग्रॅम देते. त्याहून मोठी आशा दाखवणाऱ्याकडून किट घेऊ नका.

हिरवी बुरशी लहान असेल तर आजूबाजूच्या पेंढ्यासह खरवडून टाका. पसरली असेल तर पिशवी घरातून लगेच बाहेर न्या, नाहीतर शेजारच्या पिशव्याही जातील. पिशवीवर बारीक काळी, शाईसारखी वितळणारी छत्री उगवली तर ती धिंगरी नव्हे. उपटून फेका, खाऊ नका.

तोडलेली धिंगरी कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस टिकते. प्लास्टिकमध्ये ती घाम धरून चिकट होते. कच्ची खाऊ नका, पूर्ण शिजवा, आणि घरात पहिल्यांदाच खाणाऱ्याला आधी थोडीशीच द्या. संपलेला पेंढा शेणखतात मिसळून कुजवला की परसातल्या पपईला चालतो.