बंद कॉम्पॅक्ट फिल्म कॅमेरा उघडताय? आधी या चुका टाळा

‘नवा सेल घातला तरी चालू होत नाही, म्हणजे बोर्डच गेला.’ हा निष्कर्ष इतक्या सर्रास काढला जातो की चांगले बोर्ड (कॅमेऱ्यातल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाट्या) काढून फेकले जातात. प्रत्यक्षात बोर्ड क्वचितच जातो. गंजलेली वायर, मळलेला कॉन्टॅक्ट, तडकलेली फ्लेक्स केबल (वाकणारी पातळ पट्टीसारखी केबल) किंवा उघडणाऱ्याच्या घाईत उखडलेला ट्रॅक (तांब्याची वाहक रेघ), दोष बहुधा यातच सापडतो. यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांचं उत्पादन थांबलंय, नवा बोर्ड कुठून आणणार?

स्क्रू-ड्रायव्हरने कॅपॅसिटर शॉर्ट करणं

फ्लॅशसाठी वीज साठवणारा कॅपॅसिटर साधारण ३०० ते ३३० व्होल्टवर चार्ज होतो. सेल काढला म्हणून तो रिकामा होत नाही, चार्ज कित्येक दिवस टिकू शकतो. १२० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ३२० व्होल्टला असेल तर त्यात सहा ज्यूल ऊर्जा असते. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला की ती सगळी एका ठिणगीत जाते, ट्रॅक जळतो, कधी फ्लॅशचं स्विचिंग सर्किटही बसतं. मूळ दोष राहतो बाजूला आणि नवाच तयार होतो. ‘सगळे असंच करतात’ हे कारण मला अजिबात पटत नाही.

त्याऐवजी कॅपॅसिटर हळूहळू रिकामा करायला १ ते २ किलो-ओम, ५ वॉटचा रेझिस्टर घ्या, दोन्ही टोकांना इन्सुलेशन असलेल्या वायर जोडा. सेल काढा, वायरची टोकं कॅपॅसिटरच्या दोन पायांना दहा सेकंद धरून ठेवा. मग मल्टिमीटर ६०० व्होल्ट डीसीवर लावून उरलेला व्होल्टेज मोजा. पाच मिनिटांनी पुन्हा मोजा, कारण कॅपॅसिटरमध्ये थोडा व्होल्टेज परत उभा राहतो. चाचणीसाठी सेल पुन्हा घातला, की नंतर ही सगळी क्रिया पहिल्यापासून करायची.

मीटरच्या बीपवर विश्वास

ही सर्वात महागात पडणारी चूक. नेहमीचं उदाहरण घ्या. दोन एए सेलचा झूम कॅमेरा, चालू केला की डिस्प्ले येतो, फ्लॅश चार्ज व्हायला लागला की सगळं विझतं. सेल बदलले जातात. मीटर कंटिन्युइटीवर (जोडणी सलग असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) लावून सेलच्या स्प्रिंगपासून बोर्डापर्यंतची वायर तपासली जाते. बीप वाजतो, वायर ‘ओके’ ठरते, मग मोटर सोडवली जाते, शेवटी बोर्ड. दोष मात्र त्या वायरमध्येच असतो.

बहुतेक मीटर ३० ते ५० ओमपर्यंत बीप देतात. फ्लॅश चार्ज होताना साधारण एक अँपिअर करंट ओढला जात असेल, तर वायरमधला एक ओमसुद्धा एक व्होल्ट खातो. ३ व्होल्टचे २ राहतात आणि प्रोसेसर रिसेट होतो. अल्कलाइन सेल गळला की त्यातला क्षार ऋण टोकाकडून तांब्यावरून सरकत इन्सुलेशनच्या आत शिरतो. बाहेरून वायर धडधाकट दिसते. इन्सुलेशन थोडं सोलून पाहा, आत तांबं काळं किंवा हिरवं पडलेलं असतं, त्याला सोल्डर चिकटतच नाही.

म्हणून मोजायचं ते लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना. मीटर २ व्होल्ट डीसीवर, एक प्रोब ऋण स्प्रिंगवर, दुसरा त्याच वायरच्या बोर्डाकडच्या टोकावर. कॅमेरा चालू करून फ्लॅश चार्ज होऊ द्या, बोटं कॅपॅसिटरपासून लांब ठेवा. ०.०५ व्होल्टच्या आत आलं तर वायर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर वायर बदलाच, घासून वापरू नका, गंज आत पुढे सरकलेला असतो. तेवढ्याच लांबीची २६ गेजची मल्टिस्ट्रँड वायर पुरते. स्प्रिंगवरचा पांढरा थर थोड्या व्हिनेगरने काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या.

फ्लेक्सवर गरम आयर्न दाबून धरणं

लेन्स बाहेर आल्यावरच कॅमेरा अडकत असेल, तर आधी लेन्सची फ्लेक्स केबल भिंगाखाली पाहा, घडीच्या जागी तडा सापडतो. तडा जोडताना सोल्डरिंग आयर्न ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास, शिसं असलेलं सोल्डर, भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट चिकटवणारा पदार्थ), एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही. जास्त धरलं की ट्रॅक उखडतो. ०.१ मिमीची एनॅमल वायर (इन्सुलेशनचा पातळ लेप असलेली तांब्याची तार) तड्याच्या दोन्ही बाजूंना लांबवर जोडा, घडीच्या जागी सैल ठेवा. ताठ जोडली तर काही झूममध्येच पुन्हा तुटेल.

थोडक्यात काही

सीआर१२३ए या ३ व्होल्टच्या लिथियम सेलच्या जागी रिचार्जेबल लिथियम-आयन सेल घालू नका. पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो, कॅमेरा ३ व्होल्टच्या सेलसाठी बनवलेला आहे.

फोटो सगळे एकसारखे अंधारे किंवा उजळ येतात? मीटरिंगला दोष देण्याआधी डीएक्स कॉन्टॅक्ट (फिल्मच्या डबीवरचा संवेदनशीलतेचा कोड वाचणारे) पुसा. कोड वाचता आला नाही तर बरेच कॅमेरे फिल्मची संवेदनशीलता आयएसओ १०० धरतात.

कॉन्टॅक्ट स्प्रे कधीही थेट आत मारू नका. तो शटरच्या पात्यांवर जातो आणि त्या चिकटतात. कापसाच्या बोळ्यावर घ्या.

जपानी कॅमेऱ्यांच्या स्क्रूंना जेआयएस (जपानी मानकाचा) ड्रायव्हरच लागतो, साध्या फिलिप्सने डोकी झिजतात.

पार्टसाठी तेच मॉडेल घेताना त्याचा दोष आधी विचारा. त्याचीही तीच फ्लेक्स तडकलेली असेल तर काहीच हाती लागणार नाही. ऑटोफोकस मॉडेलचा बोर्ड बदलणार असाल, तर फोकस आणि एक्स्पोजरची सेटिंग बऱ्याचदा त्याच बोर्डाच्या मेमरीत असते. बोर्ड बसेल, कॅमेरा चालू होईल, पण फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही तपासल्याशिवाय त्यात महत्त्वाचा रोल घालू नका.