फेरीबोटीतली पाच मिनिटं

गोव्यात फिरताना येशूबद्दल कुणाशी बोलावंसं वाटलं, तर आधी कान उघडे ठेवा. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत शेजारी मोगरा माळलेल्या काकू उभ्या असल्या तर 'तुम्ही कुठल्या गावच्या?' एवढंच विचारा. म्हापशाकडच्या निघाल्या, तर शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मरियामाता, या बहिणी कशा, हे त्याच रंगवून सांगतील. मध्येच चूक काढायला जाऊ नका. गप्पा तिथंच संपतात.

त्यांनी उलट विचारलं, 'तुम्ही कुठल्या देवाचे?', तर वचनांचा मारा नको. स्वतःचा एखादा प्रसंग सांगा. आई दवाखान्यात असताना प्रार्थनेनं कसा धीर दिला, दोन वाक्यांत, बस्स. आणि हो, फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली, ती १६१६ साली इथंच गोव्यात, रायतूरला छापली गेली, हे मी हमखास सांगतो. ओवी म्हटलं की समोरच्याचा चेहराच बदलतो.

पत्रकं बॅगेतच राहू द्या. बोट धक्क्याला लागली की काकूंची बाजाराची पिशवी उतरवून द्या. फोन नंबर मागू नका.