अळीखत घालून मका लावताय? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी भात कापल्यावर दोन गुंठ्यात स्वीट कॉर्न टोकला. टोकताना प्रत्येक खड्ड्यात मूठ मूठ अळीखत टाकलं, म्हटलं घरचंच आहे, हात कशाला आखडता घ्या. आठ दिवसांनी बघतो तर निम्मे खड्डे रिकामे, उकरलं तर दाणे फुगून मऊ पडलेले. बियाणं देणाऱ्याला मनात चार शिव्या घातल्या, पण चूक माझीच होती.

अळीखत म्हणजे ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्यांनी ओला कचरा खाल्ला की खाली उरतं ते. त्यांची विष्ठा, टाकलेल्या काती, थोडा न खाल्लेला चोथा. दिसायला गांडूळखतासारखं भुसभुशीत, आणि तिथेच माणूस फसतो, कारण हे दोन-तीन आठवड्यांत तयार होतं म्हणजे आतून कच्चंच असतं, त्यातून अमोनिया सुटतो आणि कोवळ्या मुळाला तो झेपत नाही. चाळून सावलीत ढीग लावा, हलकी ओल ठेवा, आठवड्याला परता आणि निदान पाच-सहा आठवडे मुरू द्या. मुरलं की नाही ते मेथी सांगते: एक वाटी खत दहा वाट्या पाण्यात रात्रभर ठेवून गाळा, त्या पाण्यावर मेथीचे वीस दाणे आणि साध्या पाण्यावर वीस दाणे असे दोन फडक्यांत बांधा. खताकडचे कमी रुजले किंवा मोड आखूड राहिले तर अजून थांबा. मुरलेलं खतसुद्धा दाण्याला चिकटून नको, चार बोटं बाजूला टाका.

दुसरी चूक आपल्या किनाऱ्यावरचीच. बंदरावरून मासळीचा कचरा फुकट मिळतो, अळ्या तो मिटक्या मारत खातात, पण खारवलेली मासळी आणि सुकटीचा चुरा त्यात गेला तर मीठ खतात उतरतं आणि मक्याच्या पानांच्या कडा करपायला लागतात. ताजी मासळी चालेल, तीही फणसाच्या चारखंडात (गरे काढून उरतं त्यात), भाजीच्या कचऱ्यात थोडी मिसळून. खाडीकाठच्या खार जमिनीत तर ही रिस्क घेऊच नका.

आता चुना. आपली जांभी माती आंबट, म्हणून चुना नाहीतर चुलीची राख घालायची पद्धत आहे आणि ती बरोबरच आहे. पण एकच फेरी वाचवायला चुना आणि अळीखत एकत्र कालवलं की नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन हवेत जातं, नाकाला झोंबतो तो वास म्हणजे तुमचं खतच. चुना दोन-तीन आठवडे आधी, खत नंतर.

किती घालायचं यात तर सगळे अंदाजपंचे. मक्याला हेक्टरी साधारण १२० किलो नत्र लागतं, म्हणजे गुंठ्याला सव्वा किलोच्या आसपास. अळीखतात नत्र अडीच टक्के धरलं तर गुंठ्याला जवळजवळ ५० किलो खत झालं, आणि त्यातलं सगळं काही याच पिकाला मिळत नाही. घमेलंभर टाकून 'ऑर्गॅनिकने काय होत नाही' म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करावा. एवढं नसेल तर शेणखताची जोड द्या. निम्मं पेरणीआधी मातीत मिसळा आणि उरलेलं मका गुडघ्याएवढा झाला की भर लावताना. तुरा आल्यावर घालून काय उपयोग, ते हळूहळू सुटतं, तोवर कणीस भरायची वेळ निघून जाते. पावसाळी मका असेल तर मुसळधार पावसाच्या तोंडावर अजिबात नको, सगळं वाहून पऱ्याला, म्हणजे ओढ्याला जातं.

पानं काय सांगतात तेपण बघा. खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेने पिवळी होत आली तर नत्र कमी. थंडीत रोपं जांभळट झाली तर स्फुरद (फॉस्फरस) मिळत नाहीये, जांभ्या मातीतलं लोह ते धरून ठेवतं. पाणी साचून पिवळं पडलं असेल तर मात्र आधी चर काढा, खत नंतर.

आणि हो, मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, अळी दिसली की शेजारी म्हणणारच, तुझ्या खतातून आली. नाही. ती अमेरिकन लष्करी अळी, पतंगाची, २०१८ साली भारतात आली, तिचा पतंग पानावर अंडी घालतो. आपली अळी माशीची, ती कुजलेलं खाते, हिरवं पान नाही. तरी खत नीट चाळून घ्या, नाहीतर राहिलेल्या कोषांतून माश्या बाहेर पडतात. त्या चावत नाहीत, पण हे शेजाऱ्याला कोण पटवणार?