पिऊन चालवणाऱ्याने घरचा माणूस मारला, तर फाइलमध्ये काय काय हवं

आधी माणूस ठरवा. ज्यांच्या घरात मृत्यू झालाय त्यांनीच पोलीस ठाण्यात खेटे घालावेत, हे तेराव्यापर्यंत तरी जमत नाही. मेहुणा, चुलतभाऊ, शेजारचे निवृत्त हेडक्लार्क, कोणीही चालेल. त्याला अर्ज लिहिता यावा, पोच मागायला संकोच वाटू नये आणि ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’ एवढं ऐकून तो परत फिरणारा नसावा. पहिल्या दोन दिवसांत त्याच्याकडे एकच काम द्या: दारूचा पुरावा. पंचनामा, पीएम रिपोर्ट महिन्यानेही मिळतात. चालकाच्या रक्तातली दारू काही तासांत उतरते.

ठाण्यात जाऊन विचारायचं ते असं. चालकाची वैद्यकीय तपासणी झाली का, किती वाजता, कुठल्या रुग्णालयात? रक्त कोणी काढलं? नमुना सीलबंद होऊन प्रयोगशाळेकडे कधी रवाना झाला? हेच प्रश्न तपासी अंमलदाराच्या नावे अर्जात लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. हा संशयीपणा नाही. मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघात प्रकरणात रुग्णालयातच रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए जुळेना, तेव्हा ते बाहेर आलं. त्याच वर्षी जुलैत वरळीत स्कूटरवरच्या महिलेला गाडीने फरफटत नेलं, आणि पळालेला चालक सापडेपर्यंत दोन दिवस गेले. तेवढ्या वेळाने घेतलेल्या रक्तात काय सापडणार?

रक्त हुकलं असेल तरी बाजू संपत नाही. बारचं बिल, यूपीआयची नोंद, बारमधलं आणि रस्त्यावरचं सीसीटीव्ही फुटेज, टोलनाका, ‘तोंडाला दारूचा वास, चाल अडखळती’ अशी डॉक्टरांची नोंद, गाडीतून बाहेर काढणारे साक्षीदार, यांतून चित्र उभं राहतं. फुटेज थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जप्त करण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र फुटेजसोबत लागतं, याची आठवणही त्याच अर्जात करून द्या. स्वतः बारमध्ये जाऊन भांडू नका, त्याने मालक सावध होतो.

हे सगळं कशासाठी, तर कलम ठरण्यासाठी. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं, पण त्याची पहिल्या गुन्ह्याची शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. खरा प्रश्न भारतीय न्याय संहितेचं १०६ की १०५, हा आहे. निष्काळजीपणाने मृत्यू म्हणजे १०६(१): कमाल पाच वर्षं, आणि जामीनपात्र. सदोष मनुष्यवध म्हणजे १०५: आपल्या कृत्याने कोणी मरू शकतं याची जाणीव असताना ते केलं असेल तर दहा वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात. एफआयआर बहुतेक वेळा १०६ खालीच नोंदला जातो. म्हणून प्रत हातात आली की पहिल्यांदा कलमं वाचा. एफआयआरची प्रत पीडित कुटुंबाला फुकट मिळते.

कलम वाढवण्याच्या अर्जासाठी वकिलाला ॲलिस्टर परेरा निकाल काढायला सांगा. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल निघालं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम केली. शिक्षा मात्र तीन वर्षांची होती. कुटुंबाने हेही ऐकून ठेवलेलं बरं. चालक अल्पवयीन असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालक आणि गाडीमालकावरही गुन्हा लागतो. तो लावलाय का ते पाहा.

आरोपीच्या जामिनाला विरोध करताना बाजू मांडण्याचा पीडितांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये लखीमपूर खिरी प्रकरणात स्पष्ट केला आहे. सरकारी वकिलाला मदत करायला स्वतःचा वकीलही देता येतो. आणि कोणी पाकीट घेऊन ‘मिटवून टाकू’ म्हणत आलं, तर १०५ आणि १०६ हे आपसात मिटवता येणारे गुन्हे नाहीत एवढं सांगून चहा पाजून पाठवा. कोऱ्या कागदावर सही कोणालाच नको.

आता दुसरी फाइल, नुकसानभरपाईची. ती फौजदारी खटल्याच्या निकालासाठी थांबत नाही, आणि आरोपी पुढे सुटला म्हणून आपोआप बुडतही नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली अर्ज करायचा, अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येतो. नाशिकच्या कुटुंबाने सोलापुरात हेलपाटे घालायची गरज नाही. पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, तो दावा म्हणून धरलाही जातो. पण त्याच्या भरवशावर सहा महिने घालवू नका. मुदत उलटली असेल तरी वकिलाला विचारल्याशिवाय दावा सोडू नका.

या फाइलमध्ये सगळ्यात जड कागद उत्पन्नाचा. हिशेब करून बघा. ३२ वर्षांचा वायरमन, मागे बायको, दोन मुलं आणि आई. महिना २०,००० कमाई सिद्ध झाली तर स्वतंत्र व्यवसाय आणि चाळिशीच्या आतलं वय म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २८,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले २१,०००. वर्षाचे २,५२,०००, आणि या वयाला गुणक १६, म्हणजे ४०,३२,०००. कागद नसल्याने न्यायाधिकरणाने महिना १२,०००च धरले, तर हीच रक्कम २४,१९,२०० होते. मधले सोळा लाख बारा हजार आठशे एका वहीत असतात. म्हणून बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयवर आलेले पैसे, बिलबुक, गिऱ्हाइकांची नावं, वायरमन परवाना, आयटीआयचं प्रमाणपत्र, रिटर्न भरले असतील तर ते, शेतकरी असेल तर सातबारा आणि आडत्याच्या पट्ट्या, सगळं गोळा करा. अपघातानंतर घाईने भरलेलं रिटर्न मात्र कोणी खरं मानत नाही. गेलेली व्यक्ती गृहिणी असेल तर ‘उत्पन्न शून्य’ लिहू देऊ नका. घरकामाचं मोल धरावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ठामपणे सांगितलंय. सोबत वयाचा पुरावा (गुणक वयावर ठरतो), मृत्यू दाखला, वारसांची आधारकार्डं, दवाखान्याची मूळ बिलं, पीएम रिपोर्ट, पंचनामा, आणि गाडीच्या विम्याचा तपशील, जो एम-परिवहन ॲपवर गाडीच्या नंबरावरून दिसतो.

इथे एक सल्ला हमखास मिळतो: दारूवर जोर देऊ नका, विमा कंपनी पैसे अडवेल. सल्ला देणारा अगदी खोटं बोलत नसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दारूचा बचाव कंपनीला कलम १५० मध्ये नावानिशी मिळालाय. पण कंपनीने कुटुंबाला आधी पैसे द्यावेत आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायालयांनी अनेकदा दिलेत. माझं मत विचाराल तर दारूचा मुद्दा सोडू नये. चालक, मालक आणि कंपनी तिघांनाही प्रतिवादी करा, आणि ‘आधी भरा, मग वसूल करा’ ही मागणी अर्जातच लिहून घ्या. ठोकणारी गाडी सापडलीच नाही, तर हिट अँड रन योजनेतून दोन लाख मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात.

वकील शवागाराबाहेर भेटलेला नसावा. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, तरी ते सर्रास चालतं. फी आकड्यात ठरवा, पावती घ्या. महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

गेलेल्या माणसाचं पासबुकही चाळा. वर्षाला २० रुपये कापले गेले असतील तर पंतप्रधान सुरक्षा विम्याचे दोन लाख आहेत. पीएफ असेल तर त्यासोबतचा विमा, शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे योजनेचे दोन लाख. आयुर्विम्याची रक्कम भरपाईतून वजा होत नाही.

लोकअदालतीची नोटीस आली तर जरूर जा, पण वरच्या हिशेबाचा कागद खिशात ठेवून. तिथे सही झाली की अपील नाही. भरपाईचा आदेश होण्याआधी पत्नीच्या एकटीच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत खातं उघडून ठेवा. अल्पवयीन मुलांचा हिस्सा सहसा मुदतठेवीत जातो. त्यांच्या फीसाठी व्याज दरमहा खात्यात जमा व्हावं, अशी विनंती वकिलाने त्याच दिवशी करायला हवी.