बाळंतपणाच्या पिशवीत एक फाईल पण टाका

आमच्याकडे सातवा महिना लागला की तयारी जोरात सुरू होते, डिंकाचे लाडू, सुंठ, जुन्या सुती साड्यांची दुपटी, माहेरी कधी आणायचं, दवाखान्यात रात्री कोण थांबणार, सगळं ठरतं. कागदांचं मात्र कोणी नाव काढत नाही. मग डिलिवरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सिस्टर जन्मनोंदीचा फॉर्म घेऊन कॉटपाशी येते, बाळंतीण अर्धी झोपेत, आणि जो कोणी स्टुलावर बसलेला असेल तो तोंडाला येईल ते सांगून मोकळा होतो. आमचं हेच झालं.

बहिणीच्या वेळेस स्टुलावर मेहुणे होते. घरात तिला सगळे सोनल म्हणतात, त्यांनी तेच सांगितलं, आधारवर आहे सोनाली. सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा आईचं नाव सोनल! नंतर अर्ज, पुरावे, दोन चकरा, आणि खरं सांगू का, चूक आपलीच होती. दुरुस्ती होते, पण जुनी नोंद खोडत नाहीत, बाजूला शेरा मारून नवीन लिहितात.

म्हणून पहिलं काम आठव्या महिन्यातच करा, एका कोऱ्या कागदावर आईचं आणि वडिलांचं पूर्ण नाव मराठीत आणि खाली इंग्रजी मोठ्या अक्षरात, आधारवर जसं आहे तसंच, एकेक अक्षर बघून. आपल्या खान्देशात आडनावाचं वेगळंच असतं भो, दहावीच्या सर्टिफिकेटवर पवार, आधारवर पाटील, सख्ख्या भावाचं अजून तिसरंच. ते आधी एक करून घ्या, कारण पोराच्या कागदावर जे चढेल तेच पुढे चालणार. लग्नानंतर आईचं आधार माहेरच्या नावानेच राहिलं असेल तर बदलायचं की नाही तेही आत्ताच ठरवा, बाळ आल्यावर कोणाला वेळ नसतो.

त्या कागदाखालीच बाकीची माहिती पण लिहून ठेवा, फॉर्ममध्ये दोघांचं शिक्षण, कामधंदा, धर्म, आईचं लग्नाच्या वेळचं वय, हे कितवं मूल, कायमचा पत्ता असं बरंच विचारतात. वजन आणि किती आठवड्यांचं बाळंतपण ते दवाखानाच भरतो. सोबत दोघांच्या आधारच्या झेरॉक्स, माता-बाल कार्ड आणि बंद न पडणारा एक मोबाईल नंबर. डिस्चार्ज कार्ड मिळालं की त्याचीही झेरॉक्स लगेच काढा.

आता नोंद कुठे, यावर घरोघरी वाद. जिथे जन्म तिथेच, बस. सासर धुळ्याचं, पण पहिलं बाळंतपण माहेरी चोपड्यात झालं तर नोंद चोपडा नगरपालिकेत, धुळ्यात कोणी घेणार नाही. आपली अर्धी मंडळी सुरतला, तिकडे डिलिवरी झाली तर सुरत महानगरपालिका. म्हणून माहेरचा कोणी माणूस या कामाला आधीच नेमून ठेवा, जावयाला परत एवढ्या लांब पळवू नका. सरकारी असो की खाजगी, दवाखान्यात झालं तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची, आपण फक्त पाठवलं का ते विचारायचं, आणि विचारायचंच. गावात घरी झालं तर घरातल्या कर्त्या माणसाने ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाला (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) कळवायचं, आशाताई मदत करते. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या डोंगराळ भागात कधी कधी बाळंतपण वाटेत गाडीतच होतं, तेव्हा गाडी पहिली जिथे थांबेल तिथे कळवतात, म्हणून ते ठिकाण आणि वेळ लक्षात ठेवा.

मुदत २१ दिवस, तोवर पैसे लागत नाहीत. २१ ते ३० दिवसांत लेट फी, त्यानंतर वर्षाच्या आत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की थेट मॅजिस्ट्रेटचा आदेश, तो ताप कशाला घ्यायचा.

नाव ठरलं नाही म्हणून थांबू नका. आमची आजी म्हणे, बारसं व्हायच्या आधी नाव द्यायची "इतली घाई कसाले?" बरोबर आहे तिचं, नावाशिवाय नोंद होते, नाव १२ महिन्यांच्या आत फुकट टाकता येतं, नंतर लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत. पण आत्याबाईंनी पाळण्यात नाव ठेवलं की त्याच आठवड्यात जाऊन टाकून या, राहिलं की राहतंच. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांचं नाव आपल्या राज्यात बाळ, आई, वडील, आडनाव या क्रमाने लिहितात, मला हे आवडलं, पण कागदावर आईच्या नावाचं स्पेलिंग आता दुप्पट महत्त्वाचं.

एवढा खटाटोप कशाला, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, आधार, पासपोर्ट, मतदार यादी, सगळीकडे जन्माचा पुरावा म्हणून हेच सर्टिफिकेट लागतं. हातात आलं की खिडकीवरच उभं राहून वाचा, तारीख, मुलगा की मुलगी, तिन्ही नावं, दोन्ही भाषांत. तीन-चार प्रती काढा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा. मग बाळाचं आधार, पाच वर्षांच्या आतल्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, फक्त आईवडिलांपैकी एकाने आपलं आधार घेऊन सोबत जायचं आणि फोटोच्या वेळी पोरगं जागं ठेवायचं, आमचं तेवढ्यातच झोपलं.