ॲप आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसून बघताना

ॲपमधली यादी रिकामी दिसते. ॲपवाले म्हणतात, सर्व्हरकडून काही येतच नाही. सर्व्हरवाले म्हणतात, आमच्याकडून व्यवस्थित जातंय. अशा वादात मी हल्ली मत देत नाही, सरळ प्रॉक्सी लावतो, म्हणजे ॲप आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसून त्यांची देवाणघेवाण दाखवणारं टूल. टेस्टिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांनी ऑटोमेशनच्या मागे धावण्याआधी हे शिकून घ्यावं.

फिडलर, चार्ल्स, मिटमप्रॉक्सी. कोणतंही टूल चालेल. मिटमप्रॉक्सी फुकट आणि ओपन सोर्स आहे, आणि काळ्या खिडकीची (टर्मिनलची) भीती वाटत असेल तर तिचं मिटमवेब ब्राउझरमध्ये उघडतं. फोन आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर घ्यायचे, फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये कॉम्प्युटरचा आयपी आणि पोर्ट टाकायचा. मिटमप्रॉक्सीचा पोर्ट 8080, चार्ल्सचा 8888. इथपर्यंत सगळेच पोचतात.

अडतं ते सर्टिफिकेटपाशी. एचटीटीपीएसचा, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला, मजकूर वाचण्यासाठी प्रॉक्सी ॲपसमोर सर्व्हर म्हणून उभी राहते आणि स्वतः सही केलेलं सर्टिफिकेट दाखवते. तिचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे ज्याच्या जोरावर ती सही करते ते मूळ सर्टिफिकेट, फोनने मान्य केलेलं नसेल तर ॲप कनेक्शन तोडतं, आणि ते योग्यच आहे. आयफोनवर प्रोफाइल इन्स्टॉल करून भागत नाही. जनरलमधल्या अबाउटमध्ये जाऊन त्या सर्टिफिकेटवरचा विश्वास वेगळा चालू करावा लागतो. अँड्रॉइड 7 पासून तर आपण टाकलेलं सर्टिफिकेट ॲप्स आपणहून मानतच नाहीत. डेव्हलपरला सांगून डीबग बिल्डच्या (ॲपच्या चाचणीसाठीच्या आवृत्तीच्या) नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये परवानगी घालून घ्या. पिनिंग असेल, म्हणजे ॲप ठरावीक सर्टिफिकेटच मानत असेल, तर ते बंद केलेलं बिल्डही मागा. हे सगळं आपल्या किंवा परवानगी असलेल्या ॲपपुरतंच, दुसऱ्याच्या ॲपवर नाही.

एवढं करूनही काहीच दिसत नसेल, तर ॲप सिस्टिमची प्रॉक्सी पाळतंय का ते विचारा. फ्लटरमध्ये (गूगलच्या ॲप बनवण्याच्या फ्रेमवर्कमध्ये) लिहिलेली ॲप्स बहुधा पाळत नाहीत.

दिसायला लागलं की रिक्वेस्टचा पूर येतो. आधी आपल्या होस्टचा (सर्व्हरच्या पत्त्याचा) फिल्टर लावा, यादी पुसा आणि ॲपमध्ये एकच कृती करा. स्टेटस 200, म्हणजे ‘सगळं ठीक’, दिसला म्हणून पुढे जाऊ नका. कित्येक सर्व्हर 200 देऊन आत एरर लिहितात.

त्या रिकाम्या यादीचंच घ्या. अशा एका प्रकरणात रिक्वेस्टमध्ये पान 1 मागितलं होतं आणि उत्तरात रिकामा ॲरे (यादी) होता, स्टेटस 200. सर्व्हर पानं शून्यापासून मोजत होता, म्हणजे ॲप दुसरं पान मागत होतं, आणि नोंदी एका पानात मावणाऱ्या होत्या. दोन्ही बाजू आपापल्या जागी खरं बोलत होत्या! तीच रिक्वेस्ट प्रॉक्सीतून पान 0 करून पुन्हा पाठवली आणि नोंदी आल्या. बग लिहिताना या दोन्ही रिक्वेस्ट शेजारीशेजारी ठेवल्या की चर्चा लांबत नाही.

फक्त सेव्ह केलेलं सेशन जसंच्या तसं बगच्या तिकिटाला जोडू नका. त्यात लॉगिनची ओळख देणारा ऑथरायझेशन हेडर असतो, कुकीज असतात, कधी पासवर्डही; आधी ते पुसा. काम संपलं की फोनमधली प्रॉक्सी काढा, नाहीतर टूल बंद केल्यावर फोनचं नेट गेलं म्हणून शोधत बसाल. रूट सर्टिफिकेटही काढून टाका.