जुना सर्कट कॅमेरा: टेस्ट शॉट काढून गियर कसा जुळवायचा

सर्कट म्हणजे तो अख्खाच्या अख्खा गोल फिरणारा कॅमेरा, १९०४ चं पेटंट, अमेरिकेत रोचेस्टरला बनायचा, शाळांचे आणि सैन्याच्या तुकड्यांचे लांबच लांब ग्रुप फोटो याच्यावर काढायचे. चावी दिली की कॅमेरा ट्रायपॉडवरच्या मोठ्या दातेरी चक्रावर फिरतो आणि आत फिल्म एका उभ्या फटीमागून सरकत जाते. लेन्समधून पडणारी इमेज ज्या वेगाने सरकते त्याच वेगाने फिल्म सरकली पाहिजे, सगळा खटाटोप एवढ्यासाठीच, आणि तो वेग ठरवतो बदलता येणारा छोटा गियर. इतक्या वर्षांत गियर इकडचे तिकडे झालेले असतात, लेन्सही बदललेली असू शकते, म्हणून गियरवरच्या आकड्यावर विसंबू नका.

आधी हिशोब करून ठेवा. एका पूर्ण फेरीत फिल्म सरकायला हवी २ × ३.१४ × लेन्स ते फिल्म अंतर इतकी. लेन्सची फोकल लेंग्थ १०.५ इंच (खूप लांबच्या दृश्यासाठी लेन्स ते फिल्म अंतर तेवढंच) आणि दृश्य खूप लांबचं, तर ६६ इंच. पण माणसं २५ फुटांवर असतील तर फोकससाठी लेन्स पुढे घ्यावी लागते, ते अंतर १०.८८ इंच होतं आणि फिल्म लागते ६८.४ इंच. म्हणूनच प्रत्येक अंतराला वेगळा गियर.

आता मोकळ्या मैदानात जा, वारा नसताना. लेन्सपासून २५ फुटांवर चार बाजूंना काठ्या रोवा, प्रत्येकीवर काळ्या-पांढऱ्या आडव्या आणि उभ्या बारीक पट्ट्यांचा कागद चिकटवा. ट्रायपॉड स्पिरिट लेव्हलने सगळ्या बाजूंनी सपाट करा, नाहीतर क्षितिज लाटेसारखं वरखाली होतं. फोकस २५ फुटांवर करा, चावी पूर्ण द्या आणि एका फेरीपेक्षा थोडं जास्त फिरू द्या म्हणजे पहिली काठी फिल्मवर दोनदा येईल. टेस्टला मुदत संपलेली फिल्म चालते.

निगेटिव्ह वाळली की आधी आडव्या पट्ट्या बघा, ही सवय खरंच लावून घ्या. त्याही धूसर असतील तर फोकस चुकलाय, गियरला हात लावू नका. आडव्या चोख आणि उभ्याच फराटल्यात, तर गियर. मग एकाच काठीच्या दोन प्रतिमांमधलं अंतर टेपने मोजा. ७० इंच आलं तर फिल्म जास्त पळतेय, ६७ आलं तर मागे पडतेय, त्याप्रमाणे शेजारचा गियर लावून पुन्हा शॉट घ्या, बाकी काही बदलू नका. कुठे थांबायचं? फटीची रुंदी गुणिले चूक (मोजलेलं अंतर ६८.४ पेक्षा किती टक्के कमी-जास्त ते) म्हणजे फराटा. फट ६ मिमी आणि चूक ३ टक्के, तर ०.१८ मिमी, कॉन्टॅक्ट प्रिंटमध्ये (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेली त्याच मापाची प्रिंट) नजरेला टोचतो. १ टक्क्याला ०.०६ मिमी, तो दिसत नाही.

उभे फिकट-गडद पट्टे आले तर वेग अडखळतोय. दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजा, ते फिल्म ओढणाऱ्या ड्रमच्या परिघाएवढं असेल तर ड्रम वाकडा आहे, अगदी जवळजवळ आणि सारख्या अंतरावर असतील तर गियरचे दाते घाण किंवा झिजलेले, आणि कसेही विखुरलेले असतील तर बहुतेक घट्ट झालेलं जुनं ग्रीस. ते आधी साफ करा आणि मग परत पहिल्या शॉटपासून सुरुवात, कारण ग्रीस काढल्यावर फेरीचा वेग बदलतो आणि आधीचं एक्सपोजर तसंच लागू होत नाही.